शेअर वर गेला तरी कॉल का पडला? ऑप्शनचा भाव ठरवतं कोण?

तुमचं म्हणणं असं की रिझल्ट चांगला आला, शेअरही वर गेला, तरी कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क) पडला. माझंही सुरुवातीला अगदी हेच झालं होतं आणि मलाही वाटलं होतं की कोणीतरी भाव खेळवतंय. तसं नाहीये.

आकडे घेऊन बघा. शेअर १००, स्ट्राइक (हक्काचा ठरलेला भाव) १००, एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपायला, महिना. रिझल्टच्या आधी कॉल ४.६ च्या आसपास असेल तर बाजार वर्षाला ४० टक्के हालचाल धरून चाललाय, हीच इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही. रिझल्ट लागला, शेअर १०२ झाला, पण धाकधूक संपली आणि आयव्ही २० वर आली की तोच कॉल ३.४ च्या आसपास. दिशा तुमची बरोबरच होती हो, पण हालचाल महागात घेतलीत.

आता ठरवतं कोण. समोर बऱ्याचदा मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव लावणारा व्यावसायिक असतो, शेअर वर जाणार की खाली याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. तो १०० शेअरचा कॉल विकतो आणि लगेच धोका झाकायला साधारण ५० शेअर घेऊन ठेवतो, मग भाव चढला की अजून घ्यायचे, उतरला की विकायचे, म्हणजे दरवेळी महाग घेऊन स्वस्तात विकणं आलं, आणि शेअर जितका उड्या मारेल तितका हा खर्च वाढतो, तोच तो प्रीमियममध्ये (ऑप्शनच्या किमतीत) आधी धरतो. ऑप्शनच्या भावाचं १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र याच कल्पनेवर उभं आहे. पण सूत्रातून भाव निघतो असं समजू नका, भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो आणि सूत्र उलटं फिरवून त्यातून आयव्ही काढतात. सूत्राप्रमाणे सगळ्या स्ट्राइकला आयव्ही एकच हवी, पण ऑक्टोबर १९८७ च्या क्रॅशनंतर इंडेक्सचे खालच्या स्ट्राइकचे पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचे हक्क) जे महाग झाले ते आजतागायत तसेच आहेत, कारण भीतीपोटी पैसे मोजणारे कायम असतात.

वॉरंट म्हणजे कंपनीने किंवा बँकेने काढलेला ऑप्शनसारखाच हक्क, त्याचं मूळ गणित तेच. कंपनीने स्वतः काढलेलं असेल तर ते वापरलं की नवे शेअर निघतात, त्यामुळे जुन्यांचा हिस्सा पातळ होतो, तेही भावात धरावं लागतं. बँकेचं असेल तर मात्र जरा जपून, तिथे भाव बहुतेक वेळा तीच बँक लावते आणि तुम्हाला ते शॉर्ट करता (जवळ नसताना आधी विकता) येत नाही, म्हणून महाग असलं तरी विकून खाली आणणारं कोणी नसतं. मी तरी त्याच स्ट्राइकच्या, त्याच मुदतीच्या ऑप्शनची आयव्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय वॉरंटला हात लावत नाही.