कल्पित विश्वातील धर्मांचा उगम: आधी आचार, मग कथा

भूमिका-खेळासाठी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या कथाखेळासाठी, सहा जण मिळून रचत असलेल्या विश्वातील तीन धर्मांच्या उत्पत्तिकथा खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवाव्यात का, आणि त्यांपैकी खरी कोणती मानावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी आज चालू असलेला आचार ठरवावा आणि त्याची कारणे निरनिराळ्या लोकांच्या तोंडी घालावीत. इंदूरमधील आमच्या गटाने पहिल्या विश्वासाठी देवांची अख्खी वंशावळ लिहिली होती. ती वही खेळताना कोणी उघडली नाही, कारण तिच्यामुळे कोणत्याही पात्राला काही करावे किंवा टाळावे लागत नव्हते.

खंडोबाचे उदाहरण घ्या. तो होळकरांचे कुलदैवत, त्यामुळे इंदूरच्या मराठी माणसाला परका नाही. जेजुरीला म्हाळसा गडावर देवासोबत आहे आणि बाणाईचे देऊळ चढणीच्या मध्यावर आहे. सवतींचे पटेना म्हणून देवाने डोंगर दोघींत वाटून दिला, असे सांगतात. सारीपाटाचा डाव हरल्यामुळे तो बारा वर्षे बाणाईच्या घरी मेंढरे राखत राहिला, असेही सांगतात. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. दोन समाज एकाच देवाचे सोयरे कसे झाले आणि पायऱ्या चढणाऱ्या भक्ताने वाटेत कोठे थांबावे, हे दोन्ही त्या कथेत आले. जगाचा आरंभ कसा झाला, हे सांगण्याची तिला गरजच पडली नाही. मला ही रचना फार शिकण्यासारखी वाटते.

आता समजा, आपल्या विश्वात नदी ओलांडताना प्रत्येक नावाडी पाण्यात मूठभर मीठ टाकतो. नावाडी म्हणतील, नदीला समुद्राची आठवण येते. पुजारी म्हणतील, ते एका शापाचे प्रायश्चित्त आहे. मिठावर कर घेणारा राजा तिसरीच कथा शिलालेखात कोरून ठेवील. राजसत्ता आणि देव यांचा संबंध इतका जवळचा असू शकतो की अहिल्याबाई होळकरांची आज्ञापत्रे श्रीशंकराच्या नावाने निघत. अशा राज्यात देवाची कथा बदलली, तर हुकुमाचा आधारही बदलतो.

सामायिक विश्वात एक अडचण मात्र खास आहे. तेथे खेळाच्या नियमांनुसार प्रार्थनेने पात्राची जखम खरोखर भरते. एकाच पंथाच्या प्रार्थनेला फळ येऊ लागले, तर वाद तेथेच मिटतो आणि बाकीच्या लेखकांची मेहनत खोटी ठरते. म्हणून तिन्ही पंथांच्या प्रार्थनेला फळ येऊ द्यावे, परंतु फळाचे स्वरूप वेगळे ठेवावे. सामायिक वहीत आचार, सण आणि निषिद्ध गोष्टी पक्क्या नोंदवाव्यात. कथेपुढे ती सांगणाऱ्याचे नाव लिहावे. दुसऱ्याची कथा खोडायची असल्यास ती आपल्या पात्राच्या तोंडून, खेळातच खोडावी. गेम मास्टरनेही, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानेही, वहीत निवाडा लिहू नये.

पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या धर्माचा एकच आचार आणि त्याची परस्परविरोधी अशी दोन कारणे घेऊन यावे.