जवळचं म्हणजे चांगलंच का?

प्रश्न : मुलीला शाळेतून उपक्रम मिळालाय. घरातलं अन्न किती किलोमीटरवरून येतं, त्याची वही करायची. आमच्याकडे दौंडचा गूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, म्यानमारची तूरडाळ, काश्मीरचं सफरचंद. जवळचं तेच पर्यावरणाला चांगलं, असं ती म्हणते. मग ज्वारी आणि डाळ बदलायची का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ज्वारीला हात लावू नका! माझं माहेर मंगळवेढ्याचं, म्हणून हक्कानं सांगते. तिथल्या काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर मालदांडी जातीची ज्वारी पेरतात. पुढे कितीतरी रानांना पाण्याची एक पाळीसुद्धा मिळत नाही. जानेवारीत भेगाळलेल्या जमिनीत माझा हात मनगटापर्यंत जायचा, आणि वर डोक्याहून उंच ताटांवर भरलेली कणसं डुलत असायची. दाणे माणसांना, कडबा गुरांना. अशी ज्वारी ट्रकनं अडीचशे किलोमीटर आली, तरी मला ती जवळचीच वाटते.

दौंडचा गूळ हाकेच्या अंतरावरचा खरा. पण आडसाली ऊस रानात 16 ते 18 महिने उभा असतो आणि सगळा वेळ पाणी पितो. विहिरीचं असेल तर उपशाची वीज वेगळी. वहीत पाण्याचा रकानाच नाही, तर हे लेकीला दिसणार कसं? गूळ सोडू नका. सुट्टीत तिला गुऱ्हाळावर न्या. ऊस ठिबकवर आहे का, ते विचारा. चुलाणात चिपाडच जळतंय ना, ते डोळ्यांनी बघा. काही ठिकाणी जुने टायरही घालतात.

डाळ जहाजानं येते. तेवढ्याच अंतराला किलोमागे जहाजाचा धूर ट्रकपेक्षा कितीतरी कमी. विमानानं येणाऱ्या फळांची गोष्ट वेगळी. शिवाय तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, त्यामुळे युरिया कमी लागतो. तरी मराठवाड्याची तूर मिळाली तर आधी तीच घ्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा जाणं मला फार मोलाचं वाटतं.

सफरचंद सप्टेंबर-ऑक्टोबरात खुशाल खा, तेव्हा ते झाडावरून उतरलेलं असतं. मार्चमध्ये तेच महिनोन् महिने शीतगृहात राहून येतं. त्या दिवसांत नाशिकची द्राक्षं गोडीला आलेली असतात, ती आणा.