डबच्या री-इश्यूमधली खरखर: फसवणूक आहे का?

तुम्ही विचारलंय की जमैकातल्या रँडीज स्टुडिओच्या १९७२ ते ७५ मधल्या डबचं (रेगे गाण्यातला गायकाचा आवाज काढून, एको घालून केलेलं रूप) री-इश्यू, म्हणजे नव्याने काढलेली आवृत्ती, घेतलं, त्यात खरखर येते, मग मास्टर टेपवरून, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या टेपवरून केलंय हे खोटं का? आणि तीच गाणी यूट्यूबवर कुणीतरी साफ करून टाकलीत, ती एकदम स्वच्छ वाटतात.

खरखर आहे म्हणजे फसवलं असं नाही हो. त्या काळातल्या जमैकन रेकॉर्डिंगची टेप शिल्लक असणं हीच मोठी गोष्ट. टेप महाग, त्यामुळे सिंगल (एका गाण्याची छोटी रेकॉर्ड) बाजारात गेलं की पुष्कळदा त्याच रिळावर पुढचं सेशन चढायचं. मग री-इश्यू काढणारा काय करणार, त्याच सिंगलची बऱ्यापैकी अवस्थेतली सात इंची रेकॉर्ड शोधायची आणि तिच्यावरून ट्रान्सफर घ्यायचा, म्हणजे ती वाजवून पुन्हा रेकॉर्ड करायची. आणि किंग्स्टनचं प्रेसिंग (रेकॉर्ड छापणं) म्हणजे नवीकोरी रेकॉर्डसुद्धा मोहरी तडतडल्यासारखी वाजायची.

रँडीजच्या बाबतीत नशीब थोडं बरं. किंग्स्टनच्या नॉर्थ परेडवर खाली व्हिन्सेंट चिन यांचं रँडीज नावाचं रेकॉर्डचं दुकान आणि वर स्टुडिओ १७. पोरगा क्लाइव्ह प्रोड्यूसर, इंजिनियर एरॉल थॉम्पसन. ऑगस्टस पाब्लो या वादकाचं 'जावा' १९७२ मध्ये इथूनच आलं, मेलोडिकावर वाजवलेलं (आपल्याकडे ऑर्केस्ट्रात फुंकून वाजवायची छोटी पेटी असायची ना, तीच, पण त्याने तिच्यातून काय काढलंय ते ऐकाच). त्याच ट्रॅकवरून नाव घेतलेला डब अल्बम १९७३ चा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या डब एलपींपैकी एक. पुढे सत्तरच्या दशकात तिथलं राजकारण पेटलं, कुटुंब न्यूयॉर्कला गेलं, तिथे १९७९ मध्ये व्हीपी रेकॉर्ड्स उभी केली, पण टेप राहिल्या किंग्स्टनमध्येच. लूटमार झाली, वादळं आली, तरी बरंच काही वाचलं. पण इतकी वर्षं अशी पडून राहिलेली टेप काही नव्यासारखी वाजणार नाही, हिस (टेपचा तो सततचा सूं आवाज) येणारच.

आता त्या 'स्वच्छ' फाइलबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. डबमध्ये इंजिनियर गायकाचा आवाज मध्येच काढून घेतो, एखादा शब्द किंवा स्नेअर ड्रमचा एक ठोका एकोत टाकतो आणि तो विरत विरत जातो. डबचा नावाजलेला इंजिनियर किंग टबी, त्याचं तर सगळं यावरच, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतल्या घरात चार ट्रॅकचं मिक्सिंगचं टेबल, त्याच्यावरचा तो मोठा फिल्टरचा नॉब फिरवून हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) नुसती सळसळत ठेवायची. आता विरत जाणारा एको शेवटी कुठे पोचतो? हिसच्या पातळीला. नॉइज रिडक्शनला, म्हणजे खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, काय कळतं एको कुठला नि हिस कुठली, ते दोन्ही खातं. मग ठोका पडतो, दोनदा घुमतो आणि कापल्यासारखा बंद. आवाजाची खोली गेली की उरतं काय, बेस आणि ड्रम.

तपासायचं असेल तर हेडफोन लावा, फक्त एकोचं शेवटचं टोक ऐका. खरखरीत शिरूनही ते ऐकू येत राहिलं तर ट्रान्सफर करणाऱ्याला अक्कल आहे, आवाज अचानक पोकळ झाला किंवा पाण्याखालून आल्यासारखा वाटला तर सोडून द्या.

रँडीजसाठी ब्लड अँड फायर या लेबलने १९९८ मध्ये 'फॉरवर्ड द बेस' नावाचं संकलन काढलंय, ते मिळालं तर घ्या. जुन्या सीडी फिरत असतात. लंडनच्या प्रेशर साउंड्स या लेबलचं काम पण मला आवडतं, स्लीव्हवर माहिती नीट देतात. ओरिजिनल सात इंचीच्या मागे इतक्यात लागू नका, भाव बघून झोप उडेल आणि खरखर तिथे याहून जास्त.

आणि प्लीज हे फोनच्या स्पीकरवर ऐकून ठरवू नका, बेस तिथे येतच नाही.