'खोटं असतं ते' एवढंच सांगितलं, तर मूल काय समजतं?

कुडाळच्या माझ्या समुपदेशन कक्षात 'मुलगा सतत डब्ल्यूडब्ल्यूई (टीव्हीवर दाखवली जाणारी अमेरिकी कुस्ती) पाहतो, बंद करू का?' असे विचारणारे पालक दर वर्षी येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर वेंगुर्ल्याकडच्या एका गावातून आलेल्या आईने हाच प्रश्न विचारला, पण तोवर तिच्या घरी अपघात होऊन गेला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, त्या आईच्या संमतीने हे लिहीत आहे.)

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत शिकणारा. वडील मुंबईला नोकरीला आणि आई काजूच्या कारखान्यात, त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत घरातला जुना फोन त्याच्याच हातात असे. भातकापणी होऊन खळ्यात गवत रचलेले होते. सहा वर्षांच्या चुलत भावाला त्या गवतावर उताणे निजवून हा पडवीच्या कठड्यावर चढला, न दिसणाऱ्या गर्दीकडे पाहून त्याने दोन्ही हात उंचावले आणि कोपर पुढे काढून थेट भावाच्या अंगावर उडी घेतली. लहानग्याच्या कॉलरबोनला फ्रॅक्चर झाले आणि जावाजावांमधले बोलणे बंद पडले. आई मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "ताई, ते सगळं खोटं असतं हे मी त्याला शंभर वेळा सांगितलं होतं हो."

मुलाशी एकट्याशी बोलले, तेव्हा आईचे म्हणणे खरेच असल्याचे कळले. "माका ठावक आसा, ता खरा नसता," तो ठामपणे म्हणाला. मग उडी का मारलीस, असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "खोटा आसा तर मगे लागतला कित्याक?"

आईने सावध करण्यासाठी वापरलेल्या शब्दाचा मुलाने सुरक्षिततेची हमी म्हणून अर्थ लावला होता, आणि त्याच्या वयाला तो तर्क अगदी सरळ होता. या खेळातले काय ठरवलेले असते आणि काय नसते, हे त्याला कोणी उलगडून सांगितलेच नव्हते. कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते. हा क्रीडास्पर्धेचा नव्हे तर मनोरंजनाचा प्रकार आहे, हे डब्ल्यूडब्ल्यूई चालवणाऱ्या कंपनीने 1989 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे स्वतःच मान्य केले होते. पण पडणे खरे असते. रिंगच्या कापडाखाली फोमचा पातळ थर, त्याखाली फळ्या आणि त्याखाली लोखंडी तुळया असतात. हनुवटी छातीला टेकवून पाठ सपाट कशी आपटायची आणि धक्का विभागला जावा म्हणून हात जमिनीवर कसे मारायचे, हे मल्ल बराच काळ शिकतात. ज्याला उचलले जाते तोही उडी घेऊन साथ देतो. एवढे शिकूनही ऑगस्ट 1997 मध्ये एक डाव थोडासा चुकला आणि स्टीव्ह ऑस्टिन या नामांकित मल्लाच्या मानेला गंभीर दुखापत झाली. तो डाव टाकणारा ओवेन हार्ट अत्यंत कुशल मल्ल होता आणि मे 1999 मध्ये, छतावरून रिंगमध्ये उतरण्याच्या प्रसंगात खाली कोसळून तोच मरण पावला. हे शेवटचे मी लहान मुलांना सांगत नाही, पालकांना मात्र आवर्जून सांगते, कारण 'खोटं' हा शब्द त्यांच्याच तोंडून फार सहज जातो.

या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट नशिबाने जुळून आली. त्याचा मामा दशावतारात राक्षसाची भूमिका करतो. पुढच्या भेटीला मी मामाला बोलावले आणि जत्रेत देवाच्या हातून मार खाऊन तो कसा पडतो, ते सतरंजीवर सावकाश करून दाखवायला सांगितले. समोरचा आधी मनगट दाबून इशारा देतो, मग मामा गुडघा वाकवतो, कुशीवर येतो आणि डोके टेकू न देता लोळतो. मुलाने ते चार वेळा करायला लावले. "समोरच्यान आधार दिल्याशिवाय राक्षस पडाक शकणा नाय," मामा म्हणाला, तसा मुलगा गप्प झाला आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "मी त्येका सांगूकच नाय हुता."

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे वळते. डब्ल्यूडब्ल्यूईने 2008 मध्ये आपले टीव्हीवरचे कार्यक्रम पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या श्रेणीत आणले, आणि 'घरी करून पाहू नका' अशी सूचनाही ती कंपनी देत आली आहे. तरी या मुलाचा फोन आईसमोर उघडून पाहिला, तेव्हा त्यात पूर्ण कार्यक्रम एकही नव्हता. होते ते अर्ध्या-एक मिनिटाचे तुकडे, आणि त्यांतले बरेचसे 1998 ते 2000 च्या सुमाराचे. त्या काळात रक्त, शिवीगाळ, बायकांची विटंबना आणि डोक्यात घातलेल्या लोखंडी खुर्च्या हे सर्व उघडपणे चालत असे. डोक्यात खुर्ची मारण्यावर कंपनीनेच 2010 मध्ये बंदी घातली, पण जुने तुकडे फोनवर फिरतच राहिले. तुकड्यात उडी दिसते. उडीआधीची तयारी आणि नंतर कण्हत पडलेला माणूस दिसत नाही. म्हणून माझे मत असे की सात वर्षांखालच्या मुलांना हे दाखवूच नये, आणि त्यापुढे दहा-बारा वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने शेजारी बसून पूर्ण कार्यक्रम पाहावा, फोनवरचे तुकडे नव्हेत. माइकवरून एकमेकांना अपमानित करण्याची तिथली भाषा मुले डावांपेक्षाही लवकर उचलतात, हेही शेजारी बसल्यावरच ध्यानात येते.

सरसकट बंदी मी सुचवली नाही, कारण तीनच्या सुमारास घरी आलेल्या मुलावर संध्याकाळपर्यंत ती पाळून घ्यायला त्या घरात कोणी नव्हते. फोन आजीच्या कपाटात गेला आणि रविवारी सुट्टीवर आलेले वडील किंवा मामा यांच्यासोबत एक कार्यक्रम पाहायचा असे ठरले. दीड महिन्याने आई आली, तेव्हा जाऊबाई सोबत होत्या. धाकट्याचा हात गळ्यातल्या पट्टीतून मोकळा झाला होता. टीव्हीवर कोणी कोणाला उचलले की आपला मुलगा 'बघ, त्याने स्वतःच उडी घेतली' म्हणून भावाला दाखवतो, असे आईने सांगितले. खळ्यातल्या गवतावर मात्र अजून कोणी कोणाला निजू देत नाही, असे जाऊबाई म्हणाल्या.