डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नसेल तर १३बी रोटरी इंजिनाचा एचपी (हॉर्सपॉवर) कसा काढायचा?

रबाळ्याच्या गाळ्यात माझदा १३बी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं इंजिन) प्रोपेलरसकट स्टँडवर चढवलंय, पण डायनो नाही, असं तुम्ही लिहिलंय. इंधन मोजा. रोटरीला एका एचपीमागे ताशी साधारण पाव किलो पेट्रोल लागतं. फुल थ्रॉटलला ताशी ४० लिटर जळत असेल तर १२० एचपीच्या आसपास धरा. मिश्रण फार रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असेल तर हा आकडा उगाच फुगतो, म्हणून एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ दिसल्यावरच नोंद घ्या.

ताळा असा: शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन्ही रोटर मिळून १३०८ सीसी हवा ओढतात. टर्बो नाही, पोर्टिंग (हवेच्या वाटा रुंद करणं) नाही, तर ६००० आरपीएमला १८० एचपी म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याहून जास्त दिसलं तर आधी फ्लो मीटरवर संशय घ्या. मे महिन्यात दुपारी ३५ अंशांना हवा प्रमाणित १५ अंशांपेक्षा साडेसहा टक्के विरळ असते (दमटपणा वेगळाच), त्यामुळे सकाळचे आणि दुपारचे आकडे एकत्र करू नका.

ट्यूनिंगला मात्र एचपी लागतच नाही. प्रोपेलर तोच असेल तर ताकद आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. आरपीएम ५ टक्के चढला की ताकद जवळपास १६ टक्के. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) एकेक डिग्रीनेच पुढे घ्या. पूर्ण लोडवर लीन (पेट्रोल कमी) अजिबात नको, डेटोनेशनने (मिश्रणाच्या अनियंत्रित स्फोटाने) एपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) तुटतो आणि हाउसिंगही (रोटरभोवतीचं कवच) जातं.