तिकडून पत्र लिहिशील तेव्हा

खामगाव तालुका,
पोळा झाल्यावर

प्रिय बेटा,
सलाम.

तुझं पत्र मिळालं. त्याआधी तुझ्या आईचा फोनही येऊन गेला होता. तू विचारतेस, आफ्रिकेत मलावीला मिशनकामाला जाऊ का. आई म्हणते, "काका, तिले समजावून सांगा, इथं काय दवाखाने कमी हायेत?" एकाच पत्रात दोघींना खूश करणं मला जमायचं नाही. तू जावंस, असं माझं मत आहे. नर्सिंग झालं, वॉर्डातल्या रात्रपाळ्या काढून हात बसला, आता जायला हरकत नाही. आईचं मन वळवायचं काम मात्र तुझं.

जाण्याबद्दल पाळकसाहेब सांगतील, पाठवणारी मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सांगेल. मला बोलायचंय ते तिकडून तू घरी पाठवशील त्या पत्रांबद्दल. म्हणशील, म्हाताऱ्याला हे काय सुचलं. पण मलावीतल्या शिरे नदीच्या खोऱ्यात इतकी वर्षं काढून, कितीतरी मिशनरी येताना-जाताना पाहून माझी खात्री झाली आहे, की मिशनकामाला गेलेलं माणूस बिघडायला सुरुवात होते ती अहवाल लिहिताना.

हे कसं होतं, सांगतो. हंगामाच्या सणाला आपल्या मंडळीत कापूस, तूर, कोंबड्या, भोपळे येतात, उपासनेनंतर लिलाव होतो. त्याच पैशातून तुझं तिकीट निघणार. ज्यानं दीडशेच्या कोंबडीला पाचशे मोजले, त्याला तिकडची खबर हवीच, त्याचा तो हक्क आहे. आता तुझ्या तिमाहीत घडलं काय? पाण्याचा पंप बिघडला, औषधांची गाडी उशिरा आली, चिचेवा भाषेतले आकडे तुला कसेबसे यायला लागले. यावर पत्र कसं लिहायचं? मग नजर वॉर्डात फिरते आणि कोपऱ्यातल्या खाटेवरच्या, हाडं निघालेल्या पोरावर जाऊन थांबते. मोबाइल खिशात असतोच.

तो फोटो तू काढू नकोस. इतरांनीही काढू नयेच, पण तू तर मुळीच नको, आणि त्याला कारण आहे.

तू आणि मी कुठून आलो? माझी आजी १८९९-१९०० च्या दुष्काळातली. आईबाप वाटेतच गेले, ती मिशनच्या अनाथाश्रमात पोचली. आपल्या भागातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांची मुळं त्या दुष्काळापाशीच सापडतात. आजी सांगायची, एकदा सगळ्या पोरींना उन्हात ओळीनं उभं केलं. अंगावरचे झगे काढायला लावले, म्हणजे बरगड्या दिसाव्यात. समोर तीन पायांवर काळ्या फडक्याखाली पेटी, आणि हलू नका म्हणून दरडावणं. आजीला वाटलं होतं, आता खायला देतील. खायला रोज मिळायचंच. ती माणसं दुष्ट नव्हती, त्यांनीच तिला जगवलं, शिकवलं, तिचं लग्न लावलं. पण दुष्काळातल्या पोरांचे असले फोटो तेव्हा अमेरिका-इंग्लंडात मिशनच्या मासिकांतून छापले जात, आणि ते पाहून पैसा येई. त्या पैशावर वाढलेल्या बाईचा मी नातू. तेव्हा फोटोनं काहीच साधत नाही, असं खोटं मी तुला सांगणार नाही. साधतं. तरी आजी ऐंशीच्या घरात असतानाही ही गोष्ट सांगताना पदर ओढून घ्यायची, आणि माझ्या लेखी तो हिशेब तिथं संपतो.

आता पेटी तुझ्या हातात आली आहे, एवढाच फरक.

दुसरं, अंधाराबद्दल लिहू नकोस. 'अंधारातले लोक', 'सुवार्तेपासून वंचित' वगैरे आपल्याकडच्या पत्रकांत ठरलेलं असतं. मलावीत बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. रविवारी चिक्वावाकडच्या एखाद्या खेड्यात जाऊन बस, गाणं दोन तास हटत नाही, आणि आपण घड्याळ बघत असतो. तुला पाहून आधी ते दुकानदारीण समजतील, कारण तिथं भारतीय म्हटला की ब्लँटायर-लिंबेचा व्यापारी. भारतातसुद्धा चर्च आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटतं. मला तर एका म्हातारीनं विचारलं होतं, तुम्हाला येशूबद्दल कोणी सांगितलं? मी म्हटलं, स्कॉटलंडच्या, अमेरिकेच्या लोकांनी. ती म्हणाली, आम्हालाही त्यांनीच. मग आमच्या गप्पा रंगल्या.

ते खरंही आहे. नागपूरला १८४५ मध्ये ज्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले, त्याच स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं १८७५ मध्ये मलावी सरोवराकाठी लिव्हिंगस्टोनिया मिशन काढलं. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना बोरीच्या नदीत बुडाले. तिकडं सरोवराकाठी मलेरियानं इतकी माणसं नेली की १८८१ मध्ये मिशननं जागाच बदलली. (मच्छरदाणी आणि गोळ्या. यावर मी पुन्हा लिहिणार नाही.)

आणि जॉन चिलेंब्वे कोण, हे विमानात बसण्याआधी माहीत करून घे. काळा पाळक, अमेरिकेत व्हर्जिनियात शिकून आलेला. चिराद्झुलूला त्याची मंडळी होती, शाळा होत्या. शेजारी मागोमेरोचा मोठा मळा, मालक मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचे वंशज. मळ्यावर राहायचं तर भाड्यापोटी राबायचं, कापसात. त्या पद्धतीला 'थांगाटा' म्हणत. मळ्याच्या जमिनीवर उभी राहिलेली चिलेंब्वेची प्रार्थनाघरं मळ्याच्या व्यवस्थापकानं जाळली. त्यात महायुद्धासाठी माणसं ओढून नेणं सुरू झालं. जानेवारी १९१५ मध्ये त्यानं बंड केलं, त्यात माणसं मारली गेली, आणि फेब्रुवारीत तोही मारला गेला. बंड बरोबर की चूक, तू तुझं ठरव. आज त्याचं चित्र तिथल्या नोटांवर आहे आणि १५ जानेवारीला देशभर सुट्टी असते. कापसाच्या वावरातून आलेल्या मुलीला ही गोष्ट कळायला वेळ लागायचा नाही. ज्यांच्या मंडळीचा इतिहास असा आहे, त्यांना आपण उजेड दाखवायला निघालो, असं कुठल्या तोंडानं लिहायचं?

मग लिहायचं काय? माझा नियम सोपा आहे. जे पत्र तू घरी पाठवतेस, ते त्याच गावात, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचता आलं पाहिजे. मी तसं वाचून दाखवायचो, तिथला शाळामास्तर भाषांतर करायचा. लोक हसायचे, दुरुस्त्या सांगायचे. एकदा एकानं हरकत घेतली, की पुराबद्दल लिहिलंस पण पुरानंतर आम्हीच बांध घातला ते लिहिलं नाहीस. ते घालून पत्र पाठवलं. त्या पत्रावर पैसे कमी आले असतील, मला माहीत नाही. पण दवाखान्यातल्या रोग्याचं नाव, आजार, त्यातून एचआयव्हीसारखं काही असेल तर ते, कुठल्याही प्रार्थनाविनंतीत जाता कामा नये. 'प्रार्थनेसाठी' म्हणून फार चहाड्या खपतात आपल्याकडं.

आकडे विचारतील. किती आत्मे जिंकले, किती बाप्तिस्मे. तू म्हणशील, बायबलात पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजार मोजलेच होते की. होते. पण प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा मिशनच्या पहिल्या फेरीवरून अंत्युखियाला परतले तेव्हा मंडळी गोळा करून त्यांनी काय सांगितलं, ते प्रेषितांच्या कृत्यांत चौदाव्या अध्यायाच्या शेवटी बघ. देवानं काय केलं ते सांगितलं, विदेश्यांना दार उघडलं ते सांगितलं, आकडा नाही. आणि मग ते तिथं शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. या शेवटच्या ओळीवर कोणी उपदेश करत नाही. परतलेल्या माणसाला मंडळी लगेच गावोगाव भाषणांना पाठवते. तू नाही म्हण. घरी बस, आईबरोबर तूर निवड, लोकांच्या तब्येती विचार.

जेवणाबद्दल एकच. पुढ्यात येईल ते खा, लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात सांगितलंय तसं. जानेवारी-फेब्रुवारीत, पीक हाती यायच्या आधी, घराघरांत कणग्या रिकाम्या असतात. नेमक्या त्याच दिवसांत कोणीतरी तुला जेवायला बोलावेल. घरातली मुलगी गुडघ्यावर बसून तांब्यानं तुझ्या हातावर पाणी घालेल, मग न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, गोळे आणि कोंबडीचा रस्सा येईल. ती कोंबडी घरातली शेवटची असू शकते. 'नको, तुम्हीच खा' म्हणशील तर त्यांचा अपमान होतो. नीट जेव, हाड चोखून खा, आणि त्यावर पत्रात डोळे ओले करणारा परिच्छेद लिहू नकोस.

शिरेच्या खोऱ्यात ऑक्टोबरात आपल्या मे महिन्यासारखं तापतं, पाऊस नोव्हेंबरात लागतो. आपल्याकडं कापसाची वेचणी चालू असते तेव्हा तिकडं पेरणी. ज्वारी तिकडं मिळते, भाकरीचं पीठ बांधून नेऊ नकोस. तिखट मात्र ने. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडेपर्यंत इथला राजीनामा देऊ नकोस, कोणी कितीही विश्वासानं चालण्याच्या गोष्टी सांगितल्या तरी. आणि विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागेल का, ते तिकीट काढण्याआधी विचार. ती लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, तिचा दिवस आधी धरावा लागतो.

तुझा,
काका