वाचकांचे प्रश्न : अंगठा गेला, स्टॅम्प पेपर केला, मग मिटलं का?

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन पॉवर प्रेस आणि सात माणसं. गेल्या महिन्यात प्रेसवर एका पोराचा उजवा अंगठा गेला. वय २८, पगार १८ हजार. हॉस्पिटलचं सगळं बिल मी भरलं, वर दोन लाख दिले आणि पुढे काही मागणी नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. आता त्याचा मेहुणा म्हणतो अजून पैसे निघतात. प्रेसचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षक कव्हर) त्यानेच काढला होता हो. आता कामगारांसाठी विमा पॉलिसी काढली तर चालेल का?

उत्तर : दादा, बिल भरलंत ते चांगलंच केलंत, पण तो खर्च वेगळा आणि भरपाई वेगळी. मेहुणा बरोबर बोलतोय. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडला असं लिहून दिलं तरी कायद्यात त्याला काही किंमत नाही. समझोता करायचाच तर तो कामगार भरपाईचं काम बघणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम कमी वाटली तर अधिकारी नोंदवायला नकार देऊ शकतात.

हिशोब मांडून दाखवतो, कारण दोन लाख हा आकडा बहुतेक अंदाजानेच ठरलेला असतो. पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० पासून हिशोबाला महिन्याला जास्तीत जास्त १५ हजारच धरतात. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर त्याच्या ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले कायद्याच्या कोष्टकातला वयाचा आकडा. २८ वयाला तो २११.७९ आहे, म्हणजे झाले १९ लाख ६ हजार ११०. अंगठा गेला तर त्यातले ३० टक्के, म्हणजे ५ लाख ७१ हजार ८३३. तुमचे दोन लाख बँकेतून गेले असतील तर ते वजा करून मागता येतील, पावती नसेल तर अवघड आहे. आणि ३० टक्के हे नुसतं कोष्टक झालं. १९७५ साली सुप्रीम कोर्टाने एका सुताराच्या केसचा निकाल दिला होता, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, कोर्ट म्हणालं एका हाताने सुतारकाम होत नाही, शंभर टक्के द्या. तेव्हा तुमचा पोरगा आता प्रेस चालवू शकतो का, हे आधी बघा.

गार्डचं म्हणाल तर, कामगाराने मुद्दाम गार्ड काढला ही मालकाची बाजू कायद्यात आहे, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ती चालतच नाही, आणि बाकी वेळीही सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. गार्ड काढून प्रोडक्शन जास्त निघतं म्हणून सुपरवायझर गप्प बसला असेल तर मला नाही वाटत तुमचं कुणी ऐकेल. खरं सांगू, मी तुमच्या जागी असतो तर त्या भांडणात पडलोच नसतो. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि कारण नसताना उशीर केला तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. पोराला घेऊन स्वतःच त्या भरपाई अधिकाऱ्याकडे जा, हिशोब करून घ्या, उरलेले पैसे भरा.

पॉलिसी आजच काढा, पण ती पुढच्या अपघाताला, झालेल्याला नाही. बाजारात तिला डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी म्हणतात. प्रीमियम वर्षाचा एकूण पगार आणि कामाचा धोका बघून ठरतो, म्हणून लोक काय करतात, प्रीमियम वाचवायला पगार ८ हजार दाखवतात नाहीतर सातातले चारच लिहितात. मग अपघात नेमका पाचव्याला होतो आणि सगळा बोजा मालकावर येतो. खरा पगार लिहा. उपचाराचा खर्च बऱ्याच पॉलिसीत जादा पैसे भरूनच मिळतो, व्याज धरलंय का तेही वाचा, दंड तर तुमच्याच खिशातून जाणार. १९२३ चा जुना कामगार भरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, तेव्हा पॉलिसीत नव्या संहितेचा उल्लेख आहे ना, एजंटला विचारा. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे सरकारचा कर्मचारी राज्य विमा, येतं (२१ हजारांपर्यंत पगारवाल्यांना), मग अशा भरपाईची जबाबदारी तिकडे जाते.

प्रश्न : सांगलीत माझा मसाला कांडपाचा छोटा धंदा आहे, चार बायका कामाला. त्यांचा बँकेतून २० रुपयांचा सुरक्षा विमा काढून दिलाय. तेवढं पुरे ना?

उत्तर : ताई, काढून दिलात ते छान, चालूच ठेवा. पण तो त्यांचा स्वतःचा विमा आहे, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, त्याने तुमची जबाबदारी फिटत नाही. कांडप मशीनमध्ये पदर अडकला तर कायद्याचा हिशोब वेगळाच होतो. बोट कापून दोन आठवडे घरी बसावं लागलं तरी, पहिले तीन दिवस सोडून, दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा पाव हिस्सा द्यायचा असतो. अजून एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बाईमाणसाला एकरकमी भरपाई द्यायची असेल, किंवा कुणाचा मृत्यू झाला असेल, तर पैसे हातात द्यायचे नाहीत, अधिकाऱ्याकडे जमा करायचे. सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात दिलेले पैसे कायदा दिले असं मानत नाही, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

चौघींची हजेरी वही ठेवा आणि पगार बँकेतूनच द्या.

प्रश्न : नाशिकला इंटिरिअरची कामं घेतो. पीओपी आणि वायरिंग ठेकेदाराला देतो, माणसं त्याची. माझा काय संबंध?

उत्तर : संबंध आहे. तुमच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलंत, तर त्याचा माणूस भरपाई थेट तुमच्याकडे मागू शकतो. तुम्ही ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची, आणि तोवर ठेकेदार फोन उचलत नसतो. म्हणून काम द्यायच्या आधी त्याची पॉलिसी बघा, त्यात तुमच्या साइटचा पत्ता आणि माणसांची संख्या आहे का ते तपासा. नसेल तर आपल्या पॉलिसीत ठेकेदाराची माणसं जादा प्रीमियम भरून घालता येतात, तो प्रीमियम त्याच्या बिलातून कापा, पण शिडीवर माणूस चढायच्या आधी.